भानुदासचे सव्वीस पेपर

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शाळेइतकी भीतिदायक जागा दुसरी नाही, हे माझं मत आहे आणि या वयात ते बदलायचा माझा विचार नाही. स्मशान परवडलं. तिथे सगळे गप्प असणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. रिकाम्या शाळेत मात्र कुणीतरी आत्ताच, आपण जिना चढत असताना, बोलायचं थांबलंय असं वाटत राहतं.

परवा नातीला उन्हाळी शिबिराला सोडायला नगरच्या त्या शाळेत गेले. खाली पटांगणात पोरं चिखलाची भांडी करत होती. "आजी, तू इथंच बसून राहू नकोस हं, सगळे हसतात," असं बाईसाहेबांनी सुनावलं. बरं बाई, म्हटलं, आणि माझे पाय आपोआप जिन्याकडे वळले. गुडघे कुरकुरले, पण गेले. व्हरांड्याच्या टोकाची खोली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गुळगुळीत फरशी, पांढरा फळा, छताला चार पंखे. पूर्वीचं काही म्हणजे काही उरलेलं नाही. फक्त पश्चिमेची खिडकी तीच, आणि तिच्यातून येणारं दुपारचं ऊनही तेच. त्या उन्हात उभी राहिले आणि एका मुलाचा आवाज कानात आला. घाबरले नाही असं खोटं सांगणार नाही.

तो आवाज मी प्रत्यक्षात कधीच ऐकलेला नाही. नुसता वाचलेला आहे.

त्र्याहत्तरचा मे. सातवीच्या परीक्षेतले इंग्रजीचे पेपर तपासायला आम्हां दहा-बारा शिक्षकांना या खोलीत बसवलं होतं. मी बावीस वर्षांची, नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं. आजी मिशनच्या शाळेत शिकवायची, वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यामुळे इंग्रजी आमच्या घरातलंच. आणि त्याचा मला काय तोरा होता म्हणून सांगू! बाकीचे परीक्षक माझ्या वडिलांच्या वयाचे, आणि मी त्यांचे उच्चार मनातल्या मनात दुरुस्त करत बसायची.

त्या मे महिन्याला वास होता सुतळीचा, डिंकाचा, आणि लाल पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो लाकडाचा. खिडकीला वाळ्याचे पडदे होते, पण शिंपडायला पाणी कुठलं? ते कोरडेच लटकायचे आणि वारा आला की त्यांच्या काड्या सरसरायच्या. सारखं वाटायचं, मागे कुणीतरी वह्यांची पानं उलटतंय. शिपाई दिवसातून दोनदा प्यायचं पाणी आणून द्यायचा, माणशी एक पेला. तो पेला सगळे अगदी हळू प्यायचे. दुष्काळानं सगळ्यांनाच तशी सवय लावली होती.

निबंध दहा गुणांचा. तो तपासायची एक रीत होती. आमचे मुख्य परीक्षक मोडक सर पहिल्या दिवशी ती समजावून सांगायचे. पाच ओळींच्या आत असेल तर तीनच्या वर जायचं नाही. चुकीला अर्धा गुण कापायचा. मागून घुसडलेल्या शब्दालाही अर्धा कापायचा. आणि सातच्या वर कुणालाही द्यायचे नाहीत. "आठ गुणांचं इंग्रजी आपल्याला तरी येतं का?" असं ते गंभीरपणे विचारायचे आणि कुणी हसायचं धाडस करायचं नाही. मुरलेल्या परीक्षकांची रीत याहून सोपी होती. पहिली ओळ वाचायची, शेवटची वाचायची आणि सहा ठोकायचे. शितावरून भाताची परीक्षा! त्यांचंही काय चुकत होतं? मुलं निबंध पाठच करून यायची. जिल्ह्यातल्या सगळ्या गाई एकाच गाईडातून हंबरायच्या. त्यांना चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, आणि त्या सगळ्या अगदी उपयुक्त प्राणी.

मी मात्र प्रत्येक ओळ वाचायची. शेजारच्या बाकावर पारनेरकडचे शेळके गुरुजी होते, पन्नाशीचे, तपकीर ओढणारे. ते म्हणायचे, "बाई, इतकं बारीक वाचू नका. डोळं जात्याल, आन पोरं बी जात्याल."

त्या वर्षीचा विषय होता 'मायसेल्फ'. म्हणजे स्वतःविषयी लिहा.

तिसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात कर्जतकडच्या एका वाडीचा गठ्ठा आला. वर चिठ्ठी होती, पट सत्तावीस, हजर सव्वीस. उत्तरपत्रिकांवर नावं नसायची, नुसते बैठक क्रमांक. पहिला पेपर उघडला. 'माय नेम इज भानुदास. आय अ‍ॅम ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड.' पुढचं सगळं तसंच तुटक इंग्रजीत होतं, पण मला ते आज मराठीतच आठवतं. मी बारीक आहे. आमच्या विहिरीला पाणी नाही. तळाच्या खड्ड्यात थोडं आहे. मी बारीक म्हणून मला दोर बांधून खाली सोडतात. मी तांब्यानं घागर भरतो. खाली गार असतं. वर बघितलं तर आभाळ लहान दिसतं. माझी बहीण सुंदर वरून हाक मारते. मी ओ देतो. मला विहिरीची भीती वाटत नाही.

बस्स, एवढंच. मी लाल पेन्सिल खाली ठेवली. तीन दिवस शेकड्यांनी गाईडातले 'मायसेल्फ' तपासल्यावर एक मूल बोललं होतं. इतका आनंद झाला मला! भीती वाटत नाही या वाक्यात 'नॉट' हा शब्द ओळीच्या वर मागून घातलेला होता, खाली हंसपदाची खूण करून. त्याचा अर्धा गुण कापायला हवा होता. कापला आणि साडेसहा दिले.

दुसरा पेपर उघडला. माय नेम इज भानुदास.

तिसरा. माय नेम इज भानुदास.

चौथ्याचं अक्षर गोल आणि मुलीचं होतं, उघडच. तिचंही नाव भानुदास. तीही बारा वर्षांची, बारीक, आणि तिलाही दोर बांधून खाली सोडत होते. मी भराभर गठ्ठा उलटला. कुणाचं अक्षर मुंग्यांसारखं, कुणी इतकं दाबून लिहिलेलं की कागद फाटलेला, कुणाचं डावीकडे कललेलं. हात सव्वीस, आणि मुलगा एकच. आणि प्रत्येक पेपरात, अगदी प्रत्येक, तो 'नॉट' ओळीच्या वर होता, खाली हंसपदाची खूण करून.

शेळके गुरुजींनी डोकावून बघितलं आणि तपकिरीची शिंक देऊन हसले. "ह्यो भानुदास लई बहाद्दर दिसतोय! एकटाच सव्वीस पेपर लिवून गेला की!" सगळी खोली हसली. मला नाही हसू आलं. माझ्या हातावर काटा आला होता, त्या उन्हाळ्यात. आणि काटा आला याचाच मला राग आला, म्हणून मी तडक उठून मोडक सरांकडे गेले.

"सर, कॉपी केस आहे."

"किती जण?"

"सगळेच. सव्वीस."

मोडक सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, जरा नीट विचार करा. प्रकरण वर गेलं की सव्वीसच्या सव्वीस नापास. शिक्षकही घरी बसेल. आणि या साली नापास झालेलं पोर पुन्हा शाळेत येत नाही. खडी फोडायला जातं. पोरगी असली तर तिचं लग्न लावतात."

"नियम तो नियम, सर," मी म्हणाले.

आज हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यांनी खणातून छापील नमुना काढला. कॉपी केसचा वेगळा कागद असायचा. त्यात एक रकाना होता, 'ज्याचे पाहून लिहिले त्याचा बैठक क्रमांक.' त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा भरल्याशिवाय कागद पुढे जात नाही. खरा भानुदास शोधा. तो सुटेल, बाकीचे अडकतील. मी त्या शाळेच्या गुरुजींना तार करतो, नावांची यादी घेऊन येतील. तोवर बघा तुम्हांला सापडतो का."

मग मी त्याला शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे चहाला खाली गेले तेव्हा मी फरशीवर पेपर मांडले, तेरा-तेराच्या दोन ओळी. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडूचा तुकडा ठेवला आणि गुडघ्यांवर रांगत एकेक वाचत गेले. माझा हिशेब साधा होता. ज्याचा निबंध आहे त्याचा हात कुठेतरी मोकळा चालेल. पाठ केलेलं अडखळतं, स्वतःचं वाहतं. एखादा शब्द जास्तीचा सापडेल. सुंदरविषयी आणखी एखादी ओळ असेल. पण नाही. सगळे पेपर पाठ केलेले, एकजात. सव्वीस पेपरांत तो सगळीकडे होता आणि कुठेच नव्हता.

वाचता वाचता मी मोठ्यानं वाचायला लागले होते, ते माझं मलाच कळलं नाही. माय नेम इज भानुदास. माय नेम इज भानुदास. बाहेर पांढरं ऊन, वाळ्याच्या काड्या सरसरतायत, पेपरांचे कोपरे एकदम उचलले जातायत आणि एकदम बसतायत. छातीवर श्वासानं कापड हलावं तसे. शेवटी कंटाळून, चिडून मी म्हणाले, "अरे भानुदास, कुठला रे तू यातला?"

आणि जिन्याच्या तळातून 'ओ' आली.

बारीक आवाजाची, लांबवलेली. गडी माणसाची नव्हे. मी तशीच धावत कठड्याशी गेले. खाली पटांगणात चिटपाखरू नव्हतं. शिपाई लिंबाखाली तोंडावर टोपी घेऊन झोपलेला. चहाला गेलेली मंडळी फाटकाबाहेर, लांब. रस्त्यावरच्या कुणीतरी कुणाला तरी दिलेली ओ असेल. असेलच. पन्नास वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय. पेपर गोळा करून मी गठ्ठ्याला दोनदा सुतळी गुंडाळली आणि चहाला न जाता फाटकापाशी उन्हात उभी राहिले. वर एकटं बसणं नको वाटत होतं.

त्या वाडीचे गुरुजी तार गेल्यावर तिसऱ्या दिवशी आले. पहाटेची एसटी धरून आलेले, भुवयांपर्यंत धूळ, डोक्यावर टोपी, काखेत फडक्यात बांधलेलं हजेरीबुक. चाळिशीचा माणूस, पण उभा राहिला तो तपासणीला आलेल्या साहेबापुढे राहावं तसा. शेळके गुरुजींनी आपला पेला त्यांच्यापुढे केला. ते घटाघटा प्याले आणि मग ओशाळून म्हणाले, "तुमच्याकडं बी टंचाई आसंल की."

"यातला भानुदास कोणता?" मी विचारलं. माझ्या आवाजात फौजदारकी होती.

"ह्यात न्हाई, बाई."

"न्हाई म्हणजे?"

"तो परीक्षेला बसलाच न्हाई." त्यांनी हजेरीबुकाची गाठ सोडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. "शिमग्याच्या आदल्या दिशी हिरीची कड ढासळली. तो खाली हुता."

खोलीत कुणाची तरी पेन्सिल खाली पडली. उचलायला कुणी वाकलं नाही.

मोडक सरांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. उभ्यानंच सांगत गेले, तुटक तुटक. त्यांच्या शाळेची एक रीत होती. सहामाहीला ज्याचा निबंध सगळ्यांत चांगला, तो पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावायचा. रोज प्रार्थना झाली की सगळ्या वर्गानं तो एका सुरात म्हणायचा, परीक्षेपर्यंत. "पोरांना इंग्रजी कळत न्हाई बाई. कळतं ते मलाच बेताचं. पाठ हुतं तेवढंच त्यांचं. दरसाल मी गाईडातला लावायचो. औंदा पयल्यांदा माझ्या वर्गातल्या पोरानं सोताचा लिवला. लई आनंद झाल्ता मला."

"मग तो गेल्यावर पुठ्ठा काढायचा होता," मी म्हणाले. पण तोवर माझा आवाज खाली आला होता.

"काढनारच हुतो. त्याची आई त्याच वाटंनं पान्याला जाती. चौथ्या-पाचव्या दिशी बगतो तर भिताडाशी उभी. रिकामी घागर कडंवर. आत पोरं म्हनत हुती, माय नेम इज भानुदास. तिला दुसरं काय कळतंय त्यातलं? पोराचं नाव तेवढं कळलं. मग रोज यायला लागली. पोरांचं म्हनून झालं की जायाची. कुनाला काय बोलायची न्हाई."

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"मला वाटलं, ह्ये बरं न्हवं. परीक्षा तोंडावर आल्ती. एक दिवस पोरांना म्हनलं, आज आपापलं नाव घाला रं. घातलं पोरांनी. सव्वीस नावं झाली. तशी ती दारात आली. कवा दारात येत न्हवती. आत बगितलं आन मला म्हनली, 'गुरुजी, आज माजा आला न्हाई व्हय?'"

शेळके गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती.

"दुसऱ्या दिशी हुतं तसंच परत सुरू केलं. काय करू? परीक्षेत नाव तुमचं लिवा, म्हनून शंभरदा सांगितल्तं बाई, देवाशप्पथ. पन हात वळनावर गेला पोरांचा. त्यांची चूक न्हाई. काय शिक्षा करायची ती मला करा."

मी विचारलं, कारण तेवढं विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं, "तो 'नॉट' वर का आहे, गुरुजी?"

"त्यानं मागनं घातला. पयल्यांदा भीती वाटती आसंच लिवल्तं त्यानं. भिताडावर लावनार म्हनल्यावर पळत आला आन म्हनला, गुरुजी, थांबा, एक शब्द राह्यला."

मी त्या शब्दाचा अर्धा गुण कापला होता, पहिल्या पेपरात. लाल पेन्सिलीनं, टोक काढून.

मोडक सरांनी तो छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. "बाई, रकाना भरा. ज्याचे पाहून लिहिले त्याचा बैठक क्रमांक." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माणूस आहे की दगड, असं वाटलं. मग त्यांनी स्वतःच गुरुजींकडून यादी मागून घेतली, नाव शोधलं, क्रमांक वाचला, आणि गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

"हा उमेदवार त्या दिवशी गैरहजर आहे," ते म्हणाले. "गैरहजर उमेदवाराचं पाहून कुणालाही लिहिता येत नाही. त्यामुळे नक्कल सिद्ध होत नाही." त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि खिशात घातले. मग गुरुजींना विचारलं, "परतीची गाडी किती वाजता आहे? जेवून जा."

गुरुजी त्यांच्या पाया पडायला वाकले. सरांनी त्यांना वरच्या वर धरलं आणि ते बराच वेळ तसेच धरून राहिले. त्या दोघांकडे पाहणं मला सोसवेना.

परवा या खोलीत उभी होते तेव्हा खालून पोरांचा गलका येत होता. शिबिर सुटलं असावं. माझ्या हाताखालून पुढे तीस वर्षांत किती पेपर गेले त्याला गणती नाही. कुणाला किती गुण दिले, यातलं आज काहीही आठवत नाही. त्या सव्वीस मुलांची नावंही मला कधी कळली नाहीत. ती पास होऊन कुठे गेली, त्यांतल्या मुली शिकल्या की नाही, सुंदरचं पुढे काय झालं, सकाळी त्या भिंतीशी येणाऱ्या बाईनं यायचं कधी थांबवलं, की थांबवलंच नाही, हे विचारायला मी कधी त्या वाडीला गेले नाही. जायला हवं होतं. कर्जत काही लंकेत नाही. धीर झाला नाही, हे खरं कारण आहे.

गुरुजी परत गेले त्या संध्याकाळी मी सगळे पेपर पुन्हा तपासायला घेतले. कुणाचंही काही कापलं नाही. सव्वीस जणांना सात-सात दिले, मोडक सरांनी एका शब्दानं विचारलं नाही. मग गुणतक्ता भरायला बसले. तक्त्यात सत्तावीस ओळी होत्या, आणि एकही ओळ रिकामी ठेवायची नाही असा नियम. सव्वीस ओळी भरल्या. सत्ताविसाव्या क्रमांकासमोर पेन्सिल टेकवून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. शेवटी, ज्याचा तो निबंध होता त्याच्यासमोर मी माझ्या हातानं लिहिलं, गैरहजर. इतकं धडधडीत खोटं मी जन्मात दुसरं लिहिलेलं नाही.